आधी बसून खर्च काढा : विजेची गाडी, डोंगरातला दिवा आणि आपण



मागच्या अंकानंतर एका मंडळीच्या तरुण संघाचे पत्र कार्यालयात आले. मिशनची डिझेलची जीप जुनी झाली आहे, तिच्या जागी विजेवर चालणारी गाडी घ्यावी, त्यासाठी आम्ही वर्षभर निधी गोळा करू, असे त्या मुलामुलींनी लिहिले होते. कार्यकारी मंडळाने ते पत्र माझ्या हाती दिले. "ताई, त्या जीपमध्ये रोज तुम्ही बसता, तेव्हा मतही तुम्हीच लिहा," असे सांगितले.

मत लिहायला बसले, पण आधी एक कबुली दिल्याशिवाय पुढे जाता येईना.

काही वर्षांपूर्वी मी याच त्रैमासिकासाठी एक फोटो पाठवला होता. सातपुड्यातल्या एका पाड्यावर आपण चौदा घरांना सौरदिवे दिले होते. दारात उभी असलेली एक आजी, तिच्या डोक्यावर पेटलेला पांढरा दिवा आणि मागे कुडाची भिंत, असा तो फोटो होता. पुष्कळांनी तो पाहून पत्रे लिहिली, देणग्याही दिल्या. नंतर काय झाले ते मात्र मी कधी लिहिले नाही. दुसरा पावसाळा संपेपर्यंत बहुतेक बॅटऱ्या बसल्या. त्यांत अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, हे आम्ही कोणाला नीट समजावले नव्हते. ज्याने माल पुरवला तो फोन उचलेनासा झाला. नवी बॅटरी घेणे त्या घरांना परवडणारे नव्हते. पुन्हा रॉकेलच्या चिमण्या पेटल्या. मी गेले तेव्हा एका पॅनेलवर मिरच्या वाळत होत्या आणि बॅटरीच्या रिकाम्या पेटीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती आजी मला रागावली नाही. एवढेच म्हणाली, "बाई, दिवा दिला, तसा दिव्याचा वैद्यही द्यायचा होता."

लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात, २८ ते ३० या वचनांत, प्रभू बुरूज बांधणाऱ्या माणसाचे उदाहरण देतो. तो आधी बसून खर्चाचा हिशोब करणार नाही काय? पाया घालून काम अर्धवट राहिले तर पाहणारे हसतील. धर्मशास्त्राचा डिप्लोमा करताना हा भाग मी शिष्यत्वाच्या संदर्भात शिकले, आणि त्याचा मूळ अर्थ तोच आहे. पण त्या पाड्यावरून उतरताना मला तो अगदी शब्दशः आठवला. म्हणून या अंकाचा पाठ खर्च काढण्याचा आहे. कोळसा आणि तेल सोडून ऊन, वारा, पाणी आणि बॅटरी यांच्याकडे जाताना खर्च किती येतो, आणि तो कोणाच्या खिशातून जातो?

१. आज आपला दिवा कशावर जळतो?

आपल्या घरात बटण दाबले की दिवा लागतो. त्यामागे कुठेतरी भट्टी पेटलेली असते. भारतात तयार होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज आजही दगडी कोळशातून येते. आपल्या राज्यात चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र एकटेच २,९२० मेगावॅट क्षमतेचे आहे. गाड्यांसाठी लागणाऱ्या खनिज तेलापैकी तर पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक आपण परदेशातून विकत आणतो.

या कोळशाचा मोठा साठा झारखंड, ओडिशा आणि छत्तीसगडच्या जंगलांखाली आहे. त्या जंगलांत राहणारे आपलेच आदिवासी बांधव आहेत. झारखंडमधील झरियाच्या कोळसापट्ट्यात जमिनीखाली लागलेली आग १९१६ मध्ये लक्षात आली, आणि शंभर वर्षे उलटली तरी ती पूर्ण विझलेली नाही. वरच्या वस्त्यांतील घरांना तडे जातात, लोकांना उठावे लागते. शहरातला उजेड स्वस्त वाटतो, कारण त्याच्या किमतीचा मोठा भाग आपल्या बिलात लिहिलेलाच नसतो.

तुम्ही कदाचित वाचले असेल की २०२५ च्या मध्यात भारताच्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू सोडून इतर साधनांची झाली. मग वीज मात्र सत्तर टक्क्यांवर कोळशाची कशी? क्षमता म्हणजे घागरीचा आकार, निर्मिती म्हणजे त्या घागरीत प्रत्यक्ष आलेले पाणी. सौर पॅनेल रात्री काम करत नाही, ढगाळ दिवशी कमी करते. कोळशाची भट्टी रात्रंदिवस चालते. म्हणून घागरी निम्म्या झाल्या तरी पाणी निम्मे झाले नाही. दिवसाची वीज रात्रीसाठी साठवणे हीच यातली खरी अडचण आहे, आणि तिचे उत्तर शोधताना आपण बॅटरीपाशी येतो.

२. विजेची गाडी खरेच स्वच्छ आहे का?

मला नेहमी विचारतात, "वीज कोळशाची असेल तर विजेच्या गाडीने काय साधले? धूर इथे नाही निघाला, चंद्रपूरला निघाला, एवढेच ना?" प्रश्न रास्त आहे. ढोबळ हिशोब करून पाहू.

आपली जीप घाटात लिटरला सुमारे १२ किलोमीटर जाते, म्हणजे शंभर किलोमीटरला सव्वाआठ लिटर डिझेल लागते. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शंभर किलोमीटरला झाले सुमारे २२ किलो. लहान पेट्रोल गाडी लिटरला १६ किलोमीटर जात असेल तर तिचे सुमारे १४ किलो होतात. लहान विजेच्या गाडीला तेवढ्याच अंतराला साधारण १५ युनिट वीज लागते. आजच्या आपल्या विजेत एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड येतो. म्हणजे साडेदहा किलो.

तर कोळशाच्या विजेवर चालूनही ती गाडी कमी धूर करते. कारण इंजिनात जाळलेल्या तेलाच्या साधारण पाव भागाचाच उपयोग चाके फिरवायला होतो. बाकीचे तेल उष्णता होऊन वाया जाते. इंजिन तापते ते यामुळेच. विजेची मोटर मात्र मिळालेल्या विजेपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक भाग चाकांपर्यंत पोहोचवते. शिवाय वीज जसजशी उन्हाची आणि वाऱ्याची होत जाईल, तसतशी तीच गाडी आपोआप अधिक स्वच्छ होत जाईल. डिझेलची जीप मात्र शेवटच्या दिवसापर्यंत तेवढाच धूर सोडेल.

पण हिशोब इथे संपत नाही. बॅटरी तयार करतानाच बराच धूर झालेला असतो. नवी विजेची गाडी ते कर्ज डोक्यावर घेऊनच दुकानातून बाहेर पडते आणि बरेच अंतर चालल्यावर ते फेडते. जी गाडी आठवड्यातून एकदा फक्त उपासनेला जाण्यासाठी बाहेर निघते, तिचे कर्ज फिटायला फार वर्षे लागतील. जी रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर चालते, तिचे लवकर फिटेल. विजेची गाडी रोज धावणाऱ्यासाठी आहे, अंगणात शोभा म्हणून उभी करण्यासाठी नाही.

३. बॅटरीच्या पोटात काय आहे?

आजच्या गाड्यांत लिथियमच्या बॅटऱ्या असतात. काही प्रकारांत कोबाल्ट हा धातूही लागतो. जगात खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून बराच अधिक भाग आफ्रिकेतील काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो. तिथल्या हाताने खोदलेल्या लहान खाणींत मुलेही राबतात, हे वारंवार नोंदले गेले आहे. दक्षिण अमेरिकेत चिलीच्या आटाकामा वाळवंटात जमिनीखालचे खारे पाणी उपसून, उन्हात आटवून लिथियम काढतात. तिथल्या मूळ रहिवाशांची काळजी पाण्याची आहे. आधीच कोरड्या मुलखातले पाणी कोणासाठी उपसायचे, असा त्यांचा प्रश्न आहे. नाव वेगळे, देश वेगळा, पण आपल्या पाड्यावरच्या माणसाला तो प्रश्न लगेच कळेल.

यावर मार्ग नाही असे नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट नावाच्या बॅटरीत कोबाल्ट लागत नाही. ती टिकते जास्त आणि पेट घेण्याचा धोकाही कमी असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांत आज हीच बॅटरी असते. गाडी घेताना विक्रेत्याला हा एक प्रश्न जरूर विचारावा.

बॅटरी मेल्यावर तिचे काय करायचे, हेही आधीच ठरवले पाहिजे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपल्या चौदा दिव्यांच्या बॅटऱ्या शिशाच्या होत्या. शिसे विषारी असते, मुलांना तर फारच घातक. त्यातली एक बॅटरी एका मुलाने दगडाने फोडून पाहिली होती. त्याला काही झाले नाही, ही देवाची कृपा. पण कृपेवर भरवसा ठेवून आपली जबाबदारी टाळणे हा विश्वास नव्हे.

४. पाणी, ऊन आणि नाबोथाचा मळा

धूर नसलेली वीज म्हणजे दोष नसलेली वीज, असे आपण धरून चालतो. नंदुरबार जिल्ह्यात काम करणाऱ्याला असे धरून चालता येत नाही. नर्मदेवरील सरदार सरोवर प्रकल्पाची वीजक्षमता १,४५० मेगावॅट आहे, आणि त्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. ही कोळशाशिवायची वीज आहे. पण त्या पाण्याने आपल्या राज्यातील अक्कलकुवा आणि धडगाव भागातली ३३ आदिवासी गावे बाधित झाली. मणिबेली हे त्यांतले पहिले. नदीकाठच्या पाड्यांवर मी रात्री राहिले आहे. समोर अथांग पाणी आणि घरात चिमणी. वीज ज्या पाण्यातून निघते, त्याच्या काठावर अंधार.

जुन्या करारात पहिल्या राजांच्या पुस्तकातील २१ वा अध्याय पाहा. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. त्याने मोबदलाही देऊ केला. याहून चांगला मळा घे, नाहीतर पैसे घे, असे तो म्हणाला. नाबोथ नाही म्हणाला, कारण ते त्याच्या वाडवडिलांचे वतन होते. पुढे काय झाले ते आपण जाणतो. पत्रे लिहिली गेली, राजाचा शिक्का उमटला, साक्षीदार उभे राहिले. कागदावर सगळे रीतसर होते, फक्त न्याय नव्हता.

आज हा अध्याय सौरऊर्जेच्या संदर्भात वाचण्याची गरज आहे. एक मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते, आणि त्यातून वर्षाला सुमारे पंधरा लाख युनिट वीज मिळू शकते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरवले आहे. ज्याची पडीक जमीन आहे, कागद स्वतःच्या नावावर आहे, त्याच्यासाठी ही चांगली संधी आहे. मी याच्या विरोधात नाही. शेतकऱ्याला रात्री साप-विंचवांत जाऊन मोटार चालू करण्याऐवजी दिवसा वीज मिळावी, हा हेतू चांगलाच आहे.

पण 'पडीक' कोण म्हणतो ते पाहावे लागते. सरकारी कागदावरचे पडीक म्हणजे पुष्कळदा पाड्याचे गुरचरण असते, मोहाची झाडे असतात, सरपण असते. म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी दोन कायदे पाठच करून ठेवावेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसांना जाते, पण ती विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. आणि १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीविषयी बोलण्याचा अधिकार आहे. कोणी करारनामा घेऊन आला की अंगठा उठवण्याआधी तो ग्रामसभेत, आपल्या बोलीत, मोठ्याने वाचून घ्यावा. त्या वेळी आपला कार्यकर्ता तिथे बसलेला असावा. नाबोथाच्या गावातल्या वडीलधाऱ्यांनी पत्रांत लिहिले तसेच केले होते, हे विसरू नये.

५. टिकणारा दिवा

मग दिवे टिकतात कुठे? पुणे जिल्ह्यातील दरेवाडी या आदिवासी वाडीत २०१२ मध्ये एक लहान सौर वीजघर उभे राहिले. सुमारे चाळीस घरांपुरते. तिथे गावकऱ्यांची समिती होती आणि घरटी ठरलेले बिल गोळा करून देखभालीसाठी ठेवले जात होते. छत्तीसगडमध्ये 'क्रेडा' या राज्याच्या संस्थेने शेकडो आरोग्य केंद्रांवर सौर संच बसवले. तिथेही भर नुसत्या पॅनेलवर न देता देखभालीच्या व्यवस्थेवर दिला गेला. लसींचा फ्रीज आणि बाळंतपणाच्या खोलीतला दिवा रात्रभर चालू राहणे, हे त्या भागात जिवाचे काम आहे. दोन्हीकडे धडा एकच : पॅनेल कोणीही बसवतो, दिवा टिकतो तो त्याला राखणाऱ्या माणसामुळे.

उशिरा का होईना, आम्हीही शिकलो. गेल्या हिवाळ्यापासून त्याच पाड्यावर पुन्हा काम सुरू केले. पाड्यातली एक मुलगी आणि एक मुलगा जिल्ह्याच्या गावी जाऊन दुरुस्ती शिकून आले. जुनी पॅनेल अजून चांगली होती, ती पुसून पुन्हा लावली. शिशाच्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी परत पाठवल्या आणि नव्या, पाणी न लागणाऱ्या बॅटऱ्या घेतल्या. प्रत्येक घर बचत गटाच्या वहीत महिन्याला तीस रुपये जमा करते. ते पैसे मिशनकडे येत नाहीत, पाड्याकडेच राहतात. चौदांपैकी नऊ घरांत दिवा लागला आहे. पाच घरे अजून अंधारात आहेत. त्या आजीचे घर नऊंमध्ये आहे, पण आजी ते पाहायला राहिली नाही.

६. माझे मत

आता तरुण संघाच्या पत्राचे उत्तर.

गेल्या जून महिन्यात रात्री अकरा वाजता एका पाड्यावरून निरोप आला. पहिलटकरीण, कळा सुरू होऊन दिवस गेलेला. आदल्या दिवसापासून वादळाने वरच्या भागातली लाईट गेली होती, ती पुढे तिसऱ्या दिवशी आली. जीपच्या मागे डिझेलचा कॅन होता म्हणून आम्ही निघू शकलो. ग्रामीण रुग्णालयात पहाटे मुलगी झाली. आई आणि लेक दोघी सुखरूप आहेत. त्या रात्री आपल्याकडे फक्त विजेची गाडी असती आणि ती चार्ज केलेली नसती, तर मी आज हा लेख वेगळ्या मनाने लिहिला असता.

म्हणून माझे मत असे आहे. वरच्या भागातली जीप तूर्त राहू द्यावी. ती नीट राखावी, आणि तिचा उपयोग डोंगरातल्या कामासाठी व रात्रीच्या निकडीसाठीच करावा. वरची वीज भरवशाची झाली की पुन्हा विचार करू. सपाटीवर मात्र आपली दुसरी गाडी नंदुरबार, तळोदा, शहादा अशी रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर फिरते आणि रात्री वसतिगृहाच्या आवारात उभी असते. तिच्या जागी विजेची गाडी अवश्य घ्यावी. वसतिगृहाच्या छतावर तीन किलोवॅटचे पॅनेल बसवले तर दिवसाला सुमारे बारा युनिट मिळतील, म्हणजे जवळजवळ तेवढ्याच अंतराची वीज. गाडी दिवसा बाहेर असल्यामुळे ती वीज महावितरणच्या जाळ्यात जमा करून रात्री वळती करून घ्यावी लागेल.

आणि तरुण संघाला एक विनंती. गाडीचा पहिला रुपया जमा होण्याआधी त्या पाच घरांचे दिवे लागू द्या. यापुढे मिशनला मिळणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या देणगीबरोबर त्याच्या दुरुस्तीचा वाटाही वेगळा लिहून ठेवू या.

आपल्या घरांसाठीही एक गोष्ट. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावरील तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. ज्यांना स्वतःचे छप्पर आहे, त्यांनी याचा विचार करावा. आणि कातकरी, कोलाम, माडिया गोंड वस्त्यांमध्ये काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की २०२३ च्या पीएम जनमन योजनेत वीज न पोहोचलेल्या घरांना सौरदिवे देण्याची तरतूद आहे. अर्ज भरून द्यायला माणूस हवा, तो आपल्यातला असू शकतो.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीचे महिन्याचे वीजबिल किती? त्या बिलात न लिहिलेली किंमत कोण भरते?

२. नाबोथाने चांगला मोबदला नाकारला. आज एखादे कुटुंब सौर प्रकल्पासाठी जमीन देण्यास नकार देते तेव्हा आपण त्याला अडाणी म्हणतो की ऐकून घेतो?

३. आपण देणगी दिलेले एखादे यंत्र, पंप किंवा दिवा आज चालू आहे का? शेवटची चौकशी कधी केली?

४. रविवारी उपासनेला येताना किती घरे एकेका गाडीतून एकट्याने येतात? पुढच्या महिन्यात यात काय बदल करता येईल?

पुढच्या अंकासाठी मी पुन्हा फोटो पाठवीन. पण या वेळी दिवे लागले त्या दिवशीचा नव्हे, त्यानंतरचा पावसाळा संपल्यावरचा.

प्रभूच्या सेवेत,
आपली भगिनी